घरी बनवलेला फोटो डेव्हलपर: रसायनं साठवणं, मोजणं आणि मिसळणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कृष्णधवल रोल आणि कागद घरीच धुणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. डेव्हलपर म्हणजे उजेड लागलेल्या फिल्मवर किंवा कागदावर चित्र उमटवणारं द्रावण. सगळी मापं मेट्रिक आहेत. तापमान दिलेलं नसेल तिथे २० अंश सेल्सिअस समजावं.

तयार पाकिटं मिळतात, मग सुटी रसायनं आणून मिसळायची कशाला?

कोरडी पूड नीट ठेवली तर काही वर्षं टिकते. तीच पाण्यात विरघळली की काही महिन्यांत मरते. तयार पाकीट एका वेळी पूर्णच विरघळावं लागतं, कारण आतली पूड वाहतुकीत हलून थरांत वेगळी होते. अर्धं पाकीट वापरलं तर त्यात मेटॉल (चित्र उमटवणारं रसायन) किती आलं आणि सल्फाइट (हवेपासून वाचवणारं) किती, हे सांगता येत नाही. महिन्याला एक-दोन रोल धुणाऱ्याचा लिटरभर डेव्हलपर त्यामुळे वापरण्याआधीच शिळा होतो. सुटी रसायनं असली की आज लागेल तेवढंच, अगदी ३०० मिलीसुद्धा, ताजं बनवता येतं. या सगळ्या कामात पाळायची मुख्य गोष्ट हीच: साठा पुडीचा करा, पाण्याचा नको.

हे घरात जमतं का, असा प्रश्न येतो. दादासाहेब फाळक्यांच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रसायनं मिसळण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामं करत होत्या, तेही १९१३ च्या आसपास. आज वजनकाटा आणि थर्मामीटर दोन्ही स्वस्त आहेत.

पहिल्यांदा कोणतं सूत्र करावं?

डी-२३ (कोडॅक कंपनीचं सूत्र). त्यात रसायनं दोनच: मेटॉल ७.५ ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी घालून एकूण १ लिटर. ३०० मिलीसाठी मेटॉल २.२५ ग्रॅम आणि सल्फाइट ३० ग्रॅम. वेगळा अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) लागत नाही, सल्फाइटच सौम्य अल्कलीचं काम करतं. पोत मऊ, कॉन्ट्रास्ट आटोक्यात. भर दुपारच्या उन्हात काढलेल्या रोलला हा डेव्हलपर फार मानवतो.

ते जमलं की फिल्मसाठी डी-७६ आणि कागदासाठी डी-७२. घरच्या डार्करूमचं बहुतेक काम या तिघांत भागतं.

वजनकाटा कसला घ्यावा? चमच्याचं माप चालेल का?

चमचा चालणार नाही. एकच चमचा सल्फाइट बारीक पुडीचं एक वजन भरतं आणि जाड दाण्यांचं दुसरं. सोनार वापरतात तसला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा घ्या. त्यासोबत २०० ग्रॅमचं प्रमाणित वजन घ्या आणि दर वेळी सुरुवातीला काटा तपासा. असे काटे साधारण २००-३०० ग्रॅमपर्यंतच जातात, तेव्हा १०० ग्रॅम सल्फाइट हलक्या कागदी कपात मोजा, जड काचेच्या भांड्यात नको. पंखा बंद ठेवा. वाऱ्याने आकडा हलतो आणि मेटॉलची बारीक पूड उडून नाकात जाते.

भांडी काचेची, पॉलिप्रॉपिलिनची किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलची. अ‍ॅल्युमिनियम, जस्ताचा मुलामा दिलेली बादली, पितळ आणि तांबं यांतलं काहीही नको. एकदा डार्करूमकडे गेलेलं भांडं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही.

रसायनं कुठून घ्यावीत, कोणत्या दर्जाची?

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानांतून. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटचा परिसर या दुकानांसाठी जुना आहे, इतर शहरांत प्रयोगशाळा-साहित्याचे विक्रेते असतात. बाटलीवर 'एलआर' म्हणजे प्रयोगशाळा दर्जा लिहिलेला असला की पुरे. त्याहून महाग 'एआर' दर्जाची इथे गरज नाही. पोत्यातला औद्योगिक माल मात्र टाळा, त्यात लोखंडाचा अंश असू शकतो.

घरगुती पर्यायांबद्दल थोडं सांभाळून. सरबतात आणि स्क्वॅशमध्ये घालतात ते केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. सोडियम मेटाबायसल्फाइटच्या जागी ते चालतं, फक्त १ ग्रॅमच्या जागी १.१७ ग्रॅम घ्या. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, स्टॉप बाथला (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणाला) उत्तम. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, पण आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात बऱ्याचदा लाही केलेला मिळतो. लाहीत स्फटिकातलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे सूत्रातल्या वजनाने घेतला तर अल्कली जास्त होतो. कॅरमची पावडर बोरिक अ‍ॅसिडची असते असं सांगितलं जातं, पण डब्यावर घटक छापलेले नसतील तर ती कॅरमलाच ठेवा.

दुकानदाराने सल्फाइट म्हणून सल्फेट दिलं, हे कसं ओळखायचं?

ही गल्लत नेहमी होते. सोडियम सल्फाइट, सल्फेट, सल्फाइड, बायसल्फाइट आणि थायोसल्फेट ही पाच वेगवेगळी रसायनं आहेत. सल्फेट डेव्हलपरला हवेपासून वाचवत नाही आणि अल्कलीही देत नाही, म्हणजे डी-२३ मध्ये ते पडलं तर रोल जवळपास कोराच निघेल.

तपासणी सोपी आहे. १ ग्रॅम पूड १ लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं १० मिली वाटीत घ्या आणि औषधाच्या दुकानातलं ५ टक्के पोव्हिडोन-आयोडीन थेंबाथेंबाने घाला. सल्फाइट असेल तर तपकिरी थेंब पडताक्षणी रंगहीन होतो. सल्फेट असेल तर पहिल्याच थेंबाने पाणी पिवळं पडतं आणि पिवळंच राहतं.

याच रीतीने जुनं सल्फाइट किती उरलं आहे तेही कळतं. रंग टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजा, नव्या बाटलीतल्या पुडीशी ताडून पाहा. नव्याला ८० थेंब लागले आणि जुन्याला ६०, तर जुन्यातला चौथा हिस्सा सल्फेट झालाय. द्रावण केल्यावर लगेच तपासा. इतकं पातळ सल्फाइट भांड्यातच भराभर खराब होतं आणि आकडा चुकतो.

सूत्रात 'निर्जल' लिहिलंय आणि माझ्याकडे स्फटिक आहेत. वजन किती घ्यावं?

स्फटिकांच्या वजनात पाणीही धरलेलं असतं, तेवढं जास्त घ्यावं लागतं.

सोडियम कार्बोनेट: निर्जल १ ग्रॅमच्या जागी मोनोहायड्रेट १.१७ ग्रॅम, डेकाहायड्रेट २.७ ग्रॅम.
सोडियम सल्फाइट: निर्जल १ ग्रॅमच्या जागी हेप्टाहायड्रेट २ ग्रॅम.
हायपो (सोडियम थायोसल्फेट, चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमधलं मुख्य रसायन): निर्जल १ ग्रॅमच्या जागी नेहमीचे पेंटाहायड्रेट स्फटिक १.५७ ग्रॅम.

कार्बोनेटचे डेकाहायड्रेट स्फटिक उघड्यावर हळूहळू पाणी सोडतात आणि वरून पांढरे भुरभुरीत होतात. अशा अर्धवट सुकलेल्या पुडीचं वजन कोणत्याच हिशेबात बसत नाही. निर्जल किंवा मोनोहायड्रेटच घ्या.

खायच्या सोड्यापासून कार्बोनेट करता येतं का?

येतं, आणि शुद्ध मिळतं. खायचा सोडा म्हणजे बायकार्बोनेट. तो तसाच डेव्हलपरमध्ये घालू नका, त्याचा अल्कली फार दुबळा असतो. स्टीलच्या ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर तापवा, मध्ये दोनदा हलवा. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. झालं की नाही हे वजनावरून ठरतं: १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम उरले पाहिजेत. ७० भरले तर अजून तापवा. थंड होताच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, कारण निर्जल कार्बोनेट हवेतली ओल ओढतं.

पाणी कोणतं वापरायचं?

आरओचं किंवा डिस्टिल्ड. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणीही चालतं, मात्र बाटलीवरचं नाव नीट वाचा, शेजारीच बॅटरीचं अ‍ॅसिडही ठेवलेलं असतं. बोअरवेलचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियममुळे सल्फाइट आणि कार्बोनेटसोबत पांढरा गाळ बसतो आणि तोच फिल्मवर ठिपके होऊन चिकटतो. आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकून निवू द्या, वरचं निथळून घ्या. उकळल्याने विरलेला ऑक्सिजनही निघून जातो, म्हणून डिस्टिल्ड पाणीसुद्धा साठ्याच्या द्रावणासाठी एकदा उकळून घेतलेलं बरं.

तांब्याच्या हंड्यातलं पाणी पिण्यासाठी कितीही चांगलं मानलं, तरी डेव्हलपरला अजिबात नको. तांब्याचा नुसता अंशसुद्धा हवेने होणारी नासाडी वाढवतो. व्हिटॅमिन सीच्या डेव्हलपरला तर सर्वांत जास्त.

डी-७६ मिसळायचा नेमका क्रम काय?

१ लिटरसाठी: मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन (मेटॉलच्या जोडीने चित्र उमटवणारं रसायन) ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. चारही रसायनं आधी मोजून वेगवेगळ्या कपांत ओळीने मांडा आणि मगच पाण्याला हात लावा.

७५० मिली पाणी ५० ते ५२ अंशांवर आणा. १०० ग्रॅम सल्फाइटमधली फक्त चिमूट, साधारण १ ग्रॅम, आधी टाका. पाण्यात उरलेला ऑक्सिजन ती खाऊन टाकते आणि मेटॉल तपकिरी पडत नाही. मग मेटॉल. शेवटचा कण दिसेनासा होईपर्यंत थांबा, दिव्यासमोर धरून पाहा. त्यानंतर उरलेलं सल्फाइट थोडं थोडं करत घाला. एकदम ओतलं तर तळाशी दगडासारखी ढेप बसते. ती फुटायला वेळ लागतो आणि तोवर पाणी निवतं. मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स. थंड पाणी घालून १ लिटरला आणा, पण अंतिम खूण द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावरच पाहा, गरम असताना पाहिली तर माप चुकतं. रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरा.

काचेच्या कांडीने संथ ढवळा. ताक घुसळल्यासारखं घुसळलं तर प्रत्येक बुडबुड्यातून हवा आत जाते.

मेटॉल आधी आणि हायड्रोक्विनोन नंतर, असं का? उलट झालं तर?

मेटॉल दाट सल्फाइटमध्ये विरघळत नाही. आधी १०० ग्रॅम सल्फाइट टाकलं आणि मग मेटॉल, तर बारीक पांढरे तंतू तरंगतात आणि ढवळून जात नाहीत. असं झालं तर पुन्हा ५० अंशांपर्यंत कोमट करून अर्धा तास ढवळून पाहा. द्रावण पूर्ण नितळ झालं तर वापरा, नाही तर टाकून द्या. गाळून वापरणं सर्वांत वाईट, कारण गाळणीत राहतं ते मेटॉलच.

हायड्रोक्विनोनचं उलटं आहे. ते अल्कलीत उघडं पडलं की लगेच हवेने तपकिरी होतं, म्हणून आधी सल्फाइटचं संरक्षण तयार हवं. अल्कली सर्वांत शेवटी घालायचा तोही याच कारणासाठी.

कागदासाठी डी-७२ चं सूत्र?

५० अंशांच्या ५०० मिली पाण्यात क्रमाने मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, कार्बोनेट मोनोहायड्रेट ८० ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. १ लिटर करा. वापरताना एक भाग द्रावण, दोन भाग पाणी. प्रिंट मिनिट-दीड मिनिटात येते. ट्रेमधलं द्रावण त्या दिवसापुरतंच.

पाव ग्रॅम फेनिडोन (मेटॉलसारखं चित्र उमटवणारं रसायन) कसं मोजायचं?

मोजायचं नाही, द्रावण करून ठेवायचं. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर एवढ्या लहान वजनातली चूक लक्षात येण्याइतकी मोठी असते, आणि फेनिडोन इतकं तीव्र आहे की ती चूक फिल्मवर दिसते. १ ग्रॅम फेनिडोन प्रॉपिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून १०० मिली करा. ग्लायकॉल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट केलं की सहज विरघळतं. हे झालं १ टक्का द्रावण. ०.२५ ग्रॅम हवं तेव्हा सिरिंजने २५ मिली घ्या. पाणी नसल्याने ते दीर्घकाळ टिकतं.

पोटॅशियम ब्रोमाइडचंही असंच १० टक्के द्रावण करून ठेवा: १० ग्रॅम घ्या आणि पाणी घालून एकूण १०० मिली करा. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम टाकणं वेगळं, त्याने माप १०० च्या वर जातं. ब्रोमाइड खराब होत नाही.

कोणतं द्रावण किती दिवस टिकतं?

काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत डी-७६ आणि डी-७२ साधारण सहा महिने, अर्ध्या रिकाम्या बाटलीत दोन महिने. डी-२३ ही त्याच अंगाने जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात यातली मुदत निम्मी धरा, उष्णतेने नासाडी वेगाने होते. १+१ (एक भाग द्रावण, एक भाग पाणी) पातळ केलेला डेव्हलपर त्याच वेळी वापरून टाकायचा. कॅफेनॉल (कॉफी आणि व्हिटॅमिन सीचा डेव्हलपर) तासाभरात. कार्बोनेटचं नुसतं द्रावण वर्षानुवर्षं राहतं.

सल्फाइटचं नुसतं पातळ द्रावण करून ठेवण्याचा मोह टाळा. ते जितकं पातळ, तितकं लवकर मरतं.

बाटली कोणती?

तपकिरी काचेची, छोटी. १ लिटर डेव्हलपर एका बाटलीत ठेवण्यापेक्षा २५० मिलीच्या चार बाटल्यांत काठोकाठ भरा. एक उघडली तरी उरलेल्या तिघींना हवा लागत नाही. प्लास्टिकच घ्यायचं तर पीईटी बरं. दुधाळ पॉलिथिनच्या बाटलीतून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. बाटली दाबून हवा काढणं फारसं कामाचं नाही, ती पुन्हा फुगू पाहते आणि झाकणातून हवा ओढते. अर्ध्या रिकाम्या काचेच्या बाटलीत स्वच्छ काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणणं हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

कॉस्टिक सोड्याचं द्रावण मात्र काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवू नका, बूच कायमचं बसतं. त्याला जाड पॉलिथिनची बाटलीच योग्य.

फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत रसायनं स्फटिक होऊन तळाशी बसतात, आणि खाण्याच्या वस्तूंशेजारी विष ठेवणं कोणत्याही कारणाने बरोबर नाही. लहान मुलं नसतील तर घरातला सर्वांत थंड कोनाडा, जमिनीलगतचा, ऊन न येणारा, तोच चांगला.

द्रावणाचा रंग बदलला. वापरू का?

फिकट पिवळा, वाळक्या गवतासारखा रंग चालतो. कोऱ्या चहासारखा झाला की डी-७६, डी-२३, डी-७२ टाकून द्या. पॅरासिटामॉलचा डेव्हलपर अपवाद आहे, तो गडद होऊनही काम करतो.

रंगावर विसंबण्यापेक्षा रोल टाकण्याआधी दर वेळी एक चाचणी करा. रोलच्या सुरुवातीची, उजेड लागलेली जीभ कापून घ्या. वाटीभर डेव्हलपरमध्ये उजेडातच अर्धी बुडवा आणि संथ हलवत राहा. बुडवलेला भाग काही मिनिटांत गडद काळा झाला पाहिजे. ताज्या द्रावणाला किती वेळ लागतो ते बाटलीवर लिहून ठेवा. पुढे त्याच्या दीडपट वेळ लागू लागला की त्या द्रावणावर महत्त्वाचा रोल सोपवू नका. एवढीशी पट्टी वाया जाते, पण लग्नाचा किंवा प्रवासाचा रोल वाचतो.

जुना डी-७६ दुबळा होण्याऐवजी जास्त तीव्र कसा होतो?

हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि हवा यांच्या अभिक्रियेत थोडा कॉस्टिक सोडा सुटतो. साध्या डी-७६ मध्ये बोरॅक्स फक्त २ ग्रॅम असल्याने पीएच (अल्कलीपणाचं माप) धरून ठेवायची ताकद कमी असते. पीएच वर सरकतो, हायड्रोक्विनोन जास्त जोमाने कामाला लागतं, निगेटिव्हमधला कॉन्ट्रास्ट वाढतो. मग पुढे कधीतरी रसायनं संपत आली की तोच डेव्हलपर दुबळा होतो. दोन महिन्यांच्या फरकाने धुतलेले दोन रोल जुळत नसतील तर कारण बहुधा हेच.

उपाय डी-७६डी: बाकी सगळं तेच, फक्त बोरॅक्स ८ ग्रॅम आणि बोरिक अ‍ॅसिड ८ ग्रॅम. पीएच जवळपास तिथेच राहतो. साठवायचाच असेल तर हाच करा, आमचा आग्रह आहे.

व्हिटॅमिन सीचा डेव्हलपर अचानक काम करायचं बंद का होतो?

कारण तो मरताना रंगाने इशारा देत नाही. लोखंड आणि तांब्याच्या अंशांमुळे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड हवेने भराभर संपतं आणि द्रावण मात्र स्वच्छच दिसतं. कॅफेनॉल करत असाल तर ताजा करा: १ लिटरला निर्जल कार्बोनेट ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, स्वस्त इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, याच क्रमाने. कॉफीत चिकोरी नको. व्हिटॅमिन सीची शुद्ध पूड घ्या, चघळायच्या गोळ्यांत साखर आणि रंग असतात. १०० आयएसओच्या फिल्मला १५ मिनिटं ही सुरुवात.

पॅरासिटामॉलच्या गोळ्यांपासून खरंच डेव्हलपर होतो?

होतो. कॉस्टिक सोडा पॅरासिटामॉलचं पॅरा-अमिनोफेनॉल करतो, आणि रोडिनाल या जुन्या तयार डेव्हलपरमधला मुख्य घटक तोच.

लागतं: पॅरासिटामॉल १५ ग्रॅम, निर्जल सल्फाइट ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा २० ग्रॅम, एकूण २५० मिली. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ३० गोळ्या किंवा ६५० च्या २३. गोळी साधी हवी. कॅफीन किंवा सर्दीची दुसरी औषधं मिसळलेली नको.

गोळ्या कुटून १५० मिली गार पाण्यात मिसळा, भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवा. कॉस्टिक सोडा चार-पाच वेळा विभागून घाला, प्रत्येक वेळी ढवळून थोडं निवू द्या. पाणी चांगलंच तापतं. कॉस्टिक पाण्यात घालायचा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय हे करू नका. मग सल्फाइट घाला आणि २५० मिली करा. सगळं सल्फाइट विरघळणार नाही, चालेल. बाटलीत भरून तीन दिवस ठेवा. गोळ्यांतला स्टार्च तळाशी बसतो, वरचं वापरा. १+५० पातळ करून, एकदाच वापरून टाकायचं. सिरिंजने मोजा, कारण इथे ६ मिलीचे ७ मिली झाले तरी फरक पडतो.

उन्हाळ्यात नळाचं पाणी ३० अंशांचं येतं. काय करावं?

गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात त्याहूनही गरम असतं. डेव्हलपर, स्टॉप आणि फिक्सरच्या बाटल्या एका टबात उभ्या करा आणि टबाच्या पाण्यात बर्फ टाका. डेव्हलपरमध्ये थेट बर्फ नको, तो पातळ होतो. २० ला आणणं कठीण असेल तर २४ वर काम करा: २० अंशांच्या वेळेला साधारण ०.७ ने गुणा. इल्फर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला डी-७६ १+१ मध्ये २० अंशांवर ११ मिनिटं, म्हणजे २४ वर पावणेआठ. पातळ न केलेल्या मूळ द्रावणातली साडेसात मिनिटं २४ वर सव्वापाचवर येतात, आणि पाच मिनिटांच्या आत गेलं की आकाशात पट्टे दिसण्याचा धोका. म्हणून उन्हाळ्यात १+१ च बरा.

धुण्याचं पाणी डेव्हलपरपेक्षा फार गरम ठेवू नका. फिल्मवरच्या ओल्या जिलेटिनच्या थराला अचानक बसलेला चटका सोसत नाही.

पावसाळ्यात पुड्यांच्या ढेपा होतात.

कोकणात आणि गोव्यात हे जास्त. सल्फाइट, कार्बोनेट आणि कॉस्टिक सोडा मोठ्या बरणीतून रोज उघडू नका, पावसाळ्यापूर्वीच १०० ग्रॅमच्या छोट्या बाटल्यांत भरून ठेवा. झाकणावर टेप, बाहेरच्या डब्यात सिलिका जेल. ढेप झालेलं सल्फाइट आयोडीनची चाचणी करूनच वापरा. ढेप झालेला कॉस्टिक सोडा मात्र टाकून द्यावा: त्याने हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढलेलं असतं, वजनाला काही अर्थ उरत नाही. मेटॉल करडं-तपकिरी झालं असेल तर वापरू नका. हायड्रोक्विनोन सगळ्यांत चिवट, किंचित रंग आला तरी चालतं.

फिक्सर दुधाळ झाला, कुजक्या अंड्यासारखा वास येतो.

हायपोत अ‍ॅसिड थेट पडलं की गंधक सुटतं, दूध फाटल्यासारखं दिसतं आणि ते परत येत नाही. आधी सल्फाइट, मग अ‍ॅसिड. साधं सूत्र: हायपोचे स्फटिक २४० ग्रॅम, सल्फाइट १० ग्रॅम, मेटाबायसल्फाइट २५ ग्रॅम, १ लिटर. हायपो विरघळताना पाणी बर्फासारखं गार पडतं, म्हणून सुरुवात ५० अंशांच्या पाण्याने करा. पण मेटाबायसल्फाइट घालताना द्रावण कोमटाहून गरम नको.

स्टॉप बाथला लिंबूसत्त्व १५ ग्रॅम प्रति लिटर पुरतं. कार्बोनेटच्या डेव्हलपरनंतर फिल्मला अ‍ॅसिड न देता साध्या पाण्याने दोनदा खळबळा, नाहीतर थरात वायूचे बुडबुडे होऊन सूक्ष्म छिद्रं पडू शकतात.

घरात लहान मुलं आहेत. काय काळजी घ्यावी?

पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत रसायन कधीही भरू नका. डी-७६ दिसायला पाण्यासारखाच असतो आणि तहानलेलं मूल लेबल वाचत नाही. कुलपाचं कपाट, वरचा कप्पा. प्रत्येक बाटलीवर नाव, प्रमाण, बनवल्याची तारीख, धुतलेल्या रोलची संख्या, आणि मोठ्या अक्षरात 'विष'. शाई ओल्या हाताने पुसते, म्हणून वर पारदर्शक टेप लावा.

मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ येतं आणि एकदा आलं की पुन्हा पुन्हा येतं. सुरुवातीपासूनच नायट्राइलचे हातमोजे घाला. पायरोगॅलॉल आणि कॅटेकॉल (काही डेव्हलपरमध्ये असतात) कातडीतून शरीरात जातात, त्यांना मोज्यांशिवाय हात लावायचाच नाही. दमा असणाऱ्यांनी मेटाबायसल्फाइट खिडकीपाशी मोजावं. डोळ्यात काही उडालं तर नळाखाली सलग पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. कॉस्टिक असेल तर धुवायला लागण्याआधी एक क्षणही दवडू नका.

वापरलेली द्रावणं कुठे टाकायची?

एक-दोन रोलचा डेव्हलपर भरपूर पाण्यासोबत नगरपालिकेच्या गटारात सोडता येतो. विहीर, झाडं आणि सेप्टिक टँक यांत नको.

फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते, तो ओतू नका. बादलीत जमा करा. लोखंडाची, म्हणजे गंजणारी, तारेची घासणी त्यात बुडवून काही दिवस ठेवली की लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळात बसते. स्टेनलेसच्या घासणीने हे होत नाही. मोठ्या शहरांत एक्स-रे फिल्म आणि वापरलेला फिक्सर घेणारे व्यावसायिक असतात, गाळ त्यांच्याकडे द्या. अमोनियमवाल्या जलद फिक्सरच्या बादलीत कॉस्टिकचा डेव्हलपर ओतू नका, अमोनियाचा झोत येतो. ब्लीचिंग पावडर तर या बादल्यांच्या आसपाससुद्धा ठेवू नका.